चोरायचंच आहे? मग आमचंच चोरा!

मी शाळेत असताना घरी पहिला कॉम्प्युटर आला, असेंबल केलेला. विंडोज टाकायला आलेल्या दादाने पाऊचमधून सीडी काढली. तिच्यावर मार्करने नुसतं ‘एक्सपी’ लिहिलेलं. बॉक्स नाही, बिल नाही! ही चोरी आहे असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. पुढे प्रश्न पडला, मायक्रोसॉफ्टला हे कळत नव्हतं का?

चांगलंच कळत होतं. कंपनीला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, फेब्रुवारी १९७६ मध्ये, बिल गेट्सने हौशी कॉम्प्युटरवाल्यांना खुलं पत्र लिहिलं होतं. आमचं बेसिक कॉपी करून वापरता, ही सरळ चोरी आहे, असं त्यात ठणकावलं होतं.

आता २२ वर्षं पुढे या. १९९८ मध्ये एका विद्यापीठात बोलताना चीनचा विषय निघाला. गेट्सच्या म्हणण्याचा मतलब असा: तिथले लोक आज पैसे देत नाहीत, पण कधीतरी देतील. तोवर चोरणारच असतील तर आमचंच चोरू देत. सवय लागेल, वसुलीचं पुढच्या दहा वर्षांत बघू.

माणूस तोच, मग भाषा का बदलली? हिशोब बघा. एका जादा कॉपीचा कंपनीला खर्च जवळपास शून्य. ती घेणारा तसेही पैसे देणार नव्हता. पण विंडोज फुकट मिळालं नसतं, तर तो कदाचित लिनक्सकडे गेला असता! चीनकडे तर १९९९ पासून स्वतःचं रेड फ्लॅग लिनक्स होतं.

आणि वसुली? २००६ मध्ये चीन सरकारने नियम केला की नवीन कॉम्प्युटर अधिकृत ऑपरेटिंग सिस्टिम टाकूनच विकायचा. घरोघरी पैसे मागत फिरण्यापेक्षा लेनोवोसारख्या मोजक्या कंपन्यांकडून घेणं केव्हाही सोपं. २००८ मध्ये बनावट विंडोजची स्क्रीन दर तासाला काळी होऊ लागली, तेव्हा चीनमध्ये केवढी ओरड झाली! गंमत म्हणजे काळा व्हायचा तो फक्त वॉलपेपर. कॉम्प्युटर चालूच.

कॉलेजात मीही लिनक्स टाकून बघितलं होतं. आठवड्यात परत विंडोजवर आलो, हाताला तीच सवय होती ना. आज ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोजच आहे, रीतसर लायसन्सवालं. म्हणजे माझी वसुली झालीच की! तो दादा मायक्रोसॉफ्टचा बिनपगारी सेल्समनच म्हणायचा. त्या सीडीने नुकसान केलं असेल, तर ते राजरोस फुकट वाटणाऱ्या लिनक्सवाल्यांचं.