दातृत्व आणि अमानित्व

या विवेचनात तीन संज्ञा वारंवार येतील. त्यांचे अर्थ आरंभीच निश्चित केले पाहिजेत. आपल्या स्वामित्वाची वस्तू, श्रम वा देहांश मोबदल्याविना दुसऱ्याच्या स्वामित्वात देणे म्हणजे दान. द्रव्य, सेवा, कीर्ती वा पुण्य यांपैकी कशाचीही अपेक्षा न ठेवता केलेले दान ते निःस्वार्थ दान. नम्रता म्हणजे येथे आवाजातील मार्दव किंवा झुकलेली मान नव्हे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानलक्षणांच्या अग्रभागी अमानित्व येते आणि त्याच्या लगोलग अदंभित्व. मान मिळावा ही इच्छा नसणे आणि ती नसल्याचे प्रदर्शनही नसणे, ही स्थिती येथे अभिप्रेत आहे.

व्याख्या मांडताच अडचण उभी राहते. दानात देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. म्हणजे ही क्रिया स्वभावतःच विषम आहे आणि विषमतेतून मान उत्पन्न होतो. मग मान उत्पन्न करणारी क्रिया अमानित्वाचे साधन कशी होईल? दात्याच्या मनोवृत्तीत याचे उत्तर शोधणे व्यर्थ आहे, कारण ती इतरांना दिसत नाही आणि दात्यालाही पुष्कळदा दिसत नाही. वस्तू दिल्यावर दात्याने स्वतःकडे कोणते अधिकार राखले, हे मात्र तपासता येते. असे अधिकार पाच आहेत: (1) नामाचा, (2) पात्र निवडण्याचा, (3) काय द्यावे हे ठरवण्याचा, (4) विनियोगाचा आणि (5) उपकारकर्ता म्हणवून घेण्याचा. यांपैकी जितके सुटतील तितकी नम्रता सिद्ध झाली असे समजावे.

नामाधिकार सर्वांत ठळक, म्हणून सोडण्यास सर्वांत सोपा. चैत्र-वैशाखात यवतमाळ, वणी, पुसद येथे रस्त्याकडेला पाणपोया लागतात. ओल्या तरटात गुंडाळलेला रांजण, साखळीला अडकवलेला पेला आणि वर ‘स्मरणार्थ’ असा फलक. नाव मृताचे असते तोवर हे क्षम्य मानावे. फलक रांजणाहून मोठा झाला आणि त्यावर हयात माणसाचे छायाचित्र आले, की ती जाहिरात होते. तहानलेल्याला पाणी मिळतेच, पण ते मिळाल्याने जाहिरातीचे दान होत नाही.

पात्र निवडण्याचा अधिकार सुटल्याचे शुद्ध उदाहरण रक्तदान होय. 350 मिलिलिटर रक्त पिशवीत उतरते. पिशवीवरच्या चिठ्ठीवर क्रमांक, रक्तगट, संकलनाचा दिनांक आणि मुदत असते, दात्याचे नाव नसते. ती पिशवी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एखाद्या बाळंतिणीला लागेल की सिकलसेलच्या रुग्णाला, हे दात्याला कळत नाही. जात, धर्म, ओळख, लायकी यांपैकी एकही कसोटी लावण्याची सोय त्याला उरत नाही. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश विचारवंताने 1970 मध्ये अनोळखी माणसाला दिलेल्या या देणगीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि रक्ताचा बाजार मांडल्याने रक्त व समाज दोन्ही बिघडतात असे प्रतिपादन केले. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निर्णयानंतर भारतात 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. शिबिरातील प्रमाणपत्र, भेटवस्तू आणि छायाचित्र यांतून नाम मागच्या दाराने परत येते, ही गोष्ट वेगळी.

मात्र गुप्तता म्हणजेच नम्रता, असे समीकरण मांडता येत नाही. दोन कारणे आहेत. पहिले, गुप्तदानाचाही अभिमान बाळगता येतो. तो प्रकट अभिमानाहून टिकाऊ असतो, कारण त्याला कोणी हटकत नाही. दुसरे, प्रकट असूनही मानरहित अशा दानाचे उदाहरण वऱ्हाडातच आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा (1876–1956), गुप्तपणे काहीच करीत नसत. भर कीर्तनात ते लोकांकडून पैसा मागत आणि त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या करीत. पण मागण्यापूर्वी हाती खराटा घेऊन गाव झाडलेले असे, अंगावर चिंध्या असत, आणि पाया पडू पाहणाऱ्याला ते काठी उगारून दूर ठेवीत. देण्यासाठी त्यांनी याचकाचे स्थान स्वीकारले होते. ज्याचा हात आधीच खाली आहे, त्याला वरच्या हाताचा मान चिकटायचा कुठे?

काय द्यावे हे ठरवण्याचा तिसरा अधिकार फसवा आहे. कठोपनिषदात नचिकेत्याचा पिता सर्वस्वदानाच्या यज्ञात ज्या गाई देतो, त्यांचे दूध आटलेले असते. ‘मला कोणाला देणार?’ या मुलाच्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे. निरुपयोगी वस्तूचे दान म्हणजे विल्हेवाटीचा भार त्यागाच्या रूपात दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे होय. विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीच्या इतिहासात हा दोष वारंवार दिसतो. चळवळीला चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली, पण तिच्यातील बरीच बरड, पडीक वा तंट्यातील होती. काळी कसदार जमीन धुऱ्याच्या आत ठेवून खडकाळ तुकडा देणाऱ्याने आकडा वाढवला, इतकेच म्हणता येईल.

तरीही उरलेल्या दोन अधिकारांचा विचार भूदानाशिवाय करता येत नाही. 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी विनोबांकडे 80 एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली. पुढे विनोबांनी मागणीचे रूपच बदलले: घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. या युक्तिवादाचे महत्त्व त्याच्या गोडव्यात नाही. सालदार भूमिहीन आहे म्हणून त्याच्यावर दया करा, असे तो म्हणत नाही. तो त्याला वारसांत बसवतो. वारसाला वाटा देणाऱ्या बापाला कोणी उपकारकर्ता म्हणत नाही. पाचवा अधिकार येथे मुळातच नाहीसा होतो. वाटाच द्यायचा तर त्याला दान का म्हणावे, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर असे की तो वाटा कोणताही कायदा मागत नव्हता. दात्याने तो स्वतः ओळखून दिला, म्हणून ते दान.

बाराव्या शतकातील ज्यू विधिवेत्ता मायमोनिडीज याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. दाता व ग्रहीता एकमेकांना अज्ञात असणे ही त्याच्या मते वरून दुसरी पायरी. सर्वोच्च पायरी म्हणजे कर्ज, भागीदारी वा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणे, जेणेकरून त्याला पुन्हा मागावे लागणार नाही. कसता येईल अशी जमीन देणे याच पायरीवर बसते.

राहिला विनियोगाचा अधिकार. यवतमाळ जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे तेथील भूदानाला 1953 चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम लागू झाला. या व्यवस्थेत जमीन दात्याकडून थेट भूमिहीनाकडे जात नाही. ती भूदान मंडळाकडे निहित होते आणि मंडळ तिचे वाटप करते. दात्याचा हात सुटतो, हे खरे. पण घेणाऱ्याला मिळते ती वारसांकडे जाणारी, विकता न येणारी जमीन. सावकाराच्या तावडीतून ती वाचावी हा या अटीचा हेतू आहे आणि कापसाचे पीक बुडाले की यवतमाळच्या शेतकऱ्याची काय गत होते, हे पाहता तो हेतू फोल म्हणता येत नाही. परंतु शेजारच्या धुऱ्यापलीकडचा खातेदार जे करू शकतो ते यास वर्ज्य आहे. सहाव्या मुलाला वाटा मिळाला, पण इतर पाचांच्या वाट्याला नसलेली अट घालून. ही अट संरक्षण म्हणून समर्थनीय ठरते. अमानित्वाच्या कसोटीवर ती उणीच राहते, आणि तो उणेपणा दात्याचा नसून व्यवस्थेचा आहे.