अपेक्षाभंगाचे ऋण : ग्रँट डफचा इतिहास आणि त्याचे मराठी वाचक

एखादा ग्रंथ वाचून वाचकाची निराशा झाली म्हणजे तो ग्रंथच सदोष ठरला, असे आपण सहज समजून चालतो. परंतु ग्रंथकाराने काय देऊ केले होते आणि वाचकाने काय मागितले होते, या दोहोंचा ताळा पाहिल्यावाचून निराशेचा दोष कोणाच्या पदरी घालावयाचा हे ठरविता येत नाही. मराठ्यांच्या इतिहासलेखनात या प्रश्नाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे जेम्स ग्रँट डफ याचा, १८२६ मध्ये लंडन येथे तीन खंडांत प्रसिद्ध झालेला, मराठ्यांचा इतिहास होय. या ग्रंथाने आपल्या वाचकांस एकदा नव्हे, तर निरनिराळ्या काळी निरनिराळ्या कारणांनी निराश केले. त्या निराशांचे स्वरूप वेगवेगळे होते, आणि त्यांपैकी एकीतून मराठी इतिहाससंशोधनाचा ओघ वाहू लागला. म्हणून त्यांचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे.

ग्रंथकाराची साधनसामग्री पाहता अपेक्षा मोठी असणे स्वाभाविक होते. ग्रँट डफ हा मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी. एल्फिन्स्टनच्या हाताखाली त्याने पुण्यास काम केले, १८१७ च्या खडकीच्या लढाईचा प्रसंग त्याने प्रत्यक्ष पाहिला आणि १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास राहून प्रतापसिंह महाराजांच्या राज्याची व्यवस्था लावली. सातारकरांचे कागद, पुण्याचे पेशवे दफ्तर, सुरत व मुंबई येथील इंग्रज वखारींची कागदपत्रे, फारसी तवारिखा, जुन्या घराण्यांच्या सनदा व बखरी एवढे साहित्य त्यापूर्वी कोणाही एका लेखकाच्या हाती आले नव्हते. शिवाय ज्यांनी पेशवाईचा उत्तरकाळ डोळ्यांनी पाहिला होता, अशी माणसे तेव्हा हयात होती आणि त्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार व सवड या गृहस्थाजवळ होती.

पहिली निराशा प्रकाशनाच्या वेळचीच. लंडनच्या एका नामांकित प्रकाशकास मराठे या विषयाला गिऱ्हाईक मिळेल असे वाटेना. मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय असे काहीसे नाव द्यावे, अशी त्याची सूचना होती. ग्रंथकाराने ती मान्य केली नाही. ग्रंथ दुसरीकडे निघाला आणि ग्रंथकारास पदरचा तोटा सोसावा लागला. इंग्रज वाचकास आपल्या पराक्रमाची कथा हवी होती. तिच्या जागी त्याला देशमुख, सरंजाम आणि चौथाई यांचा तपशील मिळाला. या निराशेत ग्रंथकाराचा दोष नाही. नाव बदलून खप वाढविण्याचा मोह त्याने टाळला, ही गोष्ट त्याच्यावर पुढे झालेल्या टीकेच्या गदारोळात विसरली जाऊ नये.

दुसरी निराशा मराठी वाचकांची, आणि तिची पूर्वपीठिका भाषांतरात आहे. कॅप्टन डेव्हिड कॅपन याने या ग्रंथाचे मराठी भाषांतर १८३० च्या सुमारास सिद्ध केले. त्याचे नाव ‘मराठ्यांची बखर’. त्या काळी इतिहास या अर्थी बखर हा शब्द सर्रास वापरला जाई, इंग्लंडच्या इतिहासासही बखरच म्हणत, हे खरे. तथापि नावाने वाचकाच्या मनात काही अपेक्षा आपोआप उभी राहते. बखर ही आपल्याच माणसाने आपल्याच धन्याच्या कुळाची, अभिमानाने सांगितलेली हकीकत असते. या बखरीचा कर्ता मात्र नुकतेच राज्य जिंकून घेतलेल्या पक्षाचा अधिकारी होता. पुण्यासाताऱ्याकडील शिकलेल्या पिढीने आपल्या पूर्वजांचा वृत्तान्त प्रथम या ग्रंथातून वाचला, आणि तो आपला वाटला नाही.

या अस्वस्थतेस विचाराचे रूप दिले ते नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी. पुणे यंग मेन्स असोसिएशनपुढे १८६७ मध्ये त्यांनी या ग्रंथावरील आपली टीका वाचली व पुढील वर्षी ती छापली गेली. त्या वेळी ते तेवीस वर्षांचे होते. त्यांच्या टीकेचे महत्त्व स्वाभिमानाच्या आविष्कारात नाही. ग्रंथात लढाया व तह आहेत, परंतु लोकांची स्थिती, धर्म व राज्यव्यवस्था यांची पुरेशी हकीकत नाही. आणि ज्या कागदांवर ग्रंथ उभा आहे ते वाचकास पाहावयास मिळत नाहीत, हे त्यांचे मुख्य आक्षेप होत.

यांपैकी दुसरा आक्षेप अधिक मर्मभेदी आहे. ग्रँट डफच्या तळटीपांत ‘मराठी हस्तलिखिते’ एवढाच निर्देश वारंवार येतो. कोणते हस्तलिखित, कोणाकडील, किती जुने, याचा उलगडा पुष्कळदा होत नाही. आपण जमविलेल्या काही कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचे त्याने ग्रंथातच नमूद केले आहे. म्हणजे वाचकाने पडताळा पाहावा, असे आश्वासन त्यात होते. पुढे मराठी अभ्यासकांनी शोध केला तेव्हा त्या नकलांचा मागमूस लागला नाही. यातूनच ग्रँट डफने कागद जाळले, असा प्रवाद उठला. त्या प्रवादास पुराव्याचा आधार नाही. पेशवे दफ्तर तर पुण्यास शिल्लकच राहिले होते. परंतु असा प्रवाद रुजावा, इतकी ही निराशा खोल होती, हे मात्र त्यावरून दिसते.

तिसरी निराशा विवेचनाविषयीची. शिवकालीन उदयाचे वर्णन करताना ग्रँट डफने सह्याद्रीच्या रानातील वाळल्या गवतास लागलेल्या वणव्याची उपमा योजिली आहे. खडकीच्या मैदानावर उतरणाऱ्या पेशव्यांच्या फौजेस त्याने खंभातच्या आखातात चढणाऱ्या भरतीच्या लोंढ्याची उपमा दिली आहे. एक उपमा राज्याच्या आरंभाची, दुसरी शेवटाची. आणि दोन्ही निसर्गाच्या अंध शक्तीच्या. यांच्या मधल्या दीडशे वर्षांहून अधिक काळात माणसांनी विचारपूर्वक काही उभारले, ही गोष्ट त्याच्या तपशिलात जागोजाग दिसते, पण त्याच्या उपपत्तीत नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात वणव्याची ही कल्पना नाकारून मराठी सत्तेच्या उदयास धार्मिक व सामाजिक जागृतीची पार्श्वभूमी दिली. मात्र निराशेतून लिहिलेल्या ग्रंथात निराश वाचकाची इच्छाही उतरते. रानड्यांच्या विवेचनात एकोणिसाव्या शतकातील राष्ट्र ही कल्पना सतराव्या शतकावर आरोपिली गेली, असा आक्षेप पुढील अभ्यासकांनी घेतला, आणि तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही.

निराशेची खरी फलश्रुती अन्यत्र आहे. कागद दाखवा, ही मागणी एकदा केल्यावर ती केवळ ग्रँट डफपुरती राहू शकत नव्हती. मागणाऱ्यांवरही तिचे दायित्व आले. १८७८ मध्ये काव्येतिहाससंग्रह निघून बखरी व पत्रे छापली जाऊ लागली. १८९८ मध्ये राजवाडे यांच्या साधनांचा पहिला खंड बाहेर पडला. पानिपताविषयी ग्रँट डफचा बराचसा भर इंग्रजीत उतरलेल्या काशीराजाच्या वृत्तान्तावर होता. राजवाड्यांनी त्या काळची प्रत्यक्ष पत्रेच पुढे ठेवली. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९३० पासून सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले.

या साधनांनी ग्रँट डफच्या चुका उघड केल्या, तशी त्याची मर्यादाही स्पष्ट केली. शिवाजी महाराजांच्या जन्माचे साल त्याने १६२७ दिले आहे. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी मिळाली. येथे ग्रँट डफ चुकला हे निर्विवाद. परंतु जे साधन त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी प्रकाशात आले, ते न वापरल्याचा ठपका त्याच्यावर ठेवता येत नाही. उलट अफझलखानाच्या वधाच्या प्रकरणी बखरींची साक्ष त्याच्यापुढे होती. खानाने प्रथम आघात केला, असे त्या सांगतात. त्याने ती बाजूस सारून विश्वासघाताचा दोष महाराजांवर ठेवला. ही चूक साधनांच्या अभावाची नव्हे, निवडीची आहे, आणि तिचा जाब त्यास विचारणे रास्त आहे.

यावरून जुन्या ग्रंथाच्या परीक्षणास उपयोगी पडेल असा भेद हाती लागतो. ग्रंथकाराने दिलेले वचन मोडले असेल, तर निराशा हा न्याय्य आक्षेप आहे. त्यास उपलब्ध नसलेले साधन आपणास उपलब्ध असेल, तर निराशा ही केवळ काळाच्या अंतराची खूण आहे. आणि जे त्याने कधी देऊ केलेच नव्हते ते आपण मागत असू, तर त्या निराशेत ग्रंथापेक्षा आपलाच परिचय अधिक घडतो. ग्रँट डफच्या बाबतीत हे तिन्ही प्रकार आढळतात, आणि आपल्याकडील टीकेत त्यांची सरमिसळ वारंवार झाली आहे.

आज पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी ग्रँट डफचे नाव बहुधा त्याच्या खंडनातच प्रथम ऐकतो आणि मूळ ग्रंथ न वाचताच त्याविषयी निराश होतो. ही उसनी निराशा वांझ असते. कीर्तने यांनी ग्रंथ बारकाईने वाचला होता, म्हणूनच त्यात काय नाही हे त्यांना नेमके सांगता आले. आणि जे नाही ते शोधण्याचे काम पुढील पिढ्यांना पत्करावे लागले. निराश करणाऱ्या ग्रंथाचे ऋण फेडण्याची हीच एक रीत आहे.