रंध्याचे पाते आणि संगणकावरची रेषा

1829 साली महाबळेश्वर इंग्रजांकडे गेले आणि तेथे बंगले उभे राहू लागले. त्या काळी दाराच्या चौकटीची नक्षीदार कड रंध्याने काढत. लाकडावर फुगवटा हवा, तर पात्यात खाच हवी. पाते 45 अंशांत कललेले असले, की 10 मिलिमीटर खोल नक्षीला पात्यावर सुमारे 14 मिलिमीटर लागतात. सुतार ते कानशीने घासून, चालवून पाहून जमवी.

1960च्या दशकात रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीत पिएर बेझिए यांनी मोजक्या बिंदूंतून वक्ररेषा यंत्राला सांगण्याची रीत घडवली. आता कपाटाच्या दारांसाठी आपण कटरचा आकार संगणकावर काढतो. तोही अर्धाच, कारण कटर स्वतःभोवती फिरतो. उलट्या आकाराचे हे गणित सुताराने हाताने सोडवले होते, हे भूमिती शिकवताना आपण सांगायला हवे.