झिजलेली ब्रेक डिस्क : लेथवर कातून घ्यावी की बदलावी?

मोटारीच्या ब्रेक डिस्क बहुधा बिडाच्या असतात. ब्रेक दाबताच पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि गाडीच्या गतीची ऊर्जा उष्णतेत बदलते. ही उष्णता मुख्यतः डिस्कच सामावून घेते. म्हणूनच डिस्क जितकी पातळ, तितकी ती लवकर तापते. घाटाच्या दीर्घ उतारावर अशा डिस्कमुळे ब्रेकची पकड क्षीण होण्याचा आणि ब्रेक ऑइल उकळण्याचा धोका वाढतो.

त्यामुळे डिस्क कातावी की बदलावी, हे प्रामुख्याने तिच्या जाडीवरून ठरते. निर्मात्याने ठरवलेली किमान जाडी अनेकदा डिस्कवरच कोरलेली असते. अन्यथा ती दुरुस्ती पुस्तिकेत मिळते. मोजमाप मायक्रोमीटरने, डिस्कच्या परिघावर अनेक ठिकाणी घ्यावे. व्हर्नियरचे जबडे कडेच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर टेकल्यास जाडी प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसते.

समजा, किमान मर्यादा २० मिलिमीटर आहे आणि चरे घालवण्यासाठी प्रत्येक बाजूने ०.३ मिलिमीटर कातावे लागणार आहे. सध्याची जाडी २१.२ मिलिमीटर असेल, तर कातल्यानंतर २०.६ मिलिमीटर उरेल. पुढील झिजेलाही वाव राहील. मात्र जाडी २०.४ मिलिमीटर असेल, तर ती १९.८ मिलिमीटरवर येईल. अशी डिस्क बदलणेच योग्य. कोरलेला आकडा सहसा डिस्क बाद करण्याची मर्यादा दर्शवतो. तिथपर्यंत कातून डिस्क पुन्हा बसवू नये.

तडे गेलेली किंवा गंजाने खोल खड्डे पडलेली डिस्क जाडी पुरेशी असली तरी बदलावी. पावसात उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवरील तांबूस थर मात्र काही वेळा ब्रेक लावताच निघून जातो.

ब्रेक लावताना पॅडल थरथरत असेल, तर डिस्कची जाडी सर्वत्र सारखी नसण्याची शक्यता असते. डिस्क आणि हब यांच्यामध्ये साचलेला गंज किंवा चाकाचे असमान आवळलेले नट यांमुळेही डिस्क डगमगत फिरते व कालांतराने असमान झिजते. ही कारणे दूर न केल्यास नव्या डिस्कलाही तोच दोष जडतो.

काम एका आसावरील दोन्ही चाकांवर एकाच वेळी करावे. नव्या डिस्कसोबत पॅडही नवे घालावेत आणि सुरुवातीचे काही किलोमीटर करकचून ब्रेक लावणे टाळावे.