युद्धातील निरीक्षण फुगे आणि त्यांतील निरीक्षक

सुरतेजवळ डुमसच्या सपाट किनाऱ्यावर उभ्या माणसाचे क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर संपते. तोच माणूस हजार मीटर उंचीवर गेल्यास ते सुमारे ११० किलोमीटर दूर सरकते आणि दक्षिणेकडील दमणही त्या कक्षेत येते. सपाट मुलखात लढणाऱ्या सेनांना फुग्याची गरज भासली ती या साध्या भूमितीमुळेच.

२६ जून १७९४ रोजी फ्लेरसच्या लढाईत फ्रेंच सेनेने दोराने जमिनीशी बांधलेला फुगा वापरला. कुतेल हा अधिकारी त्यातून शत्रूच्या हालचाली कळवत होता. गोल फुगा मात्र वाऱ्यात गरगर फिरे. पहिल्या महायुद्धात लांबट आकाराचे फुगे आले. आल्बेर काको या फ्रेंच अभियंत्याने शेपटाकडे तीन फुगीर कल्ले जोडून त्यांना स्थैर्य दिले. मेसोपोटेमियाच्या ज्या मोहिमेत मराठा पलटणी लढल्या, तिथल्या नदीकाठच्या सपाट मैदानांतही ब्रिटिशांनी असे फुगे चढवले.

फुग्याखालच्या वेताच्या टोपलीत बहुधा दोघे असत. दुर्बीण, नकाशा आणि टेलिफोन एवढाच त्यांचा सरंजाम. तोफगोळा लक्ष्याच्या अलीकडे पडला की पलीकडे, हे ते तारेवरून खाली तोफखान्याला सांगत. तासन्‌तास थंडीत आणि हेलकाव्यांत बसावे लागे. जागा सोडून पळण्याची सोय नव्हती, आणि डोक्यावर ज्वालाग्राही हायड्रोजन भरलेला. शत्रूच्या विमानाने पेटती गोळी मारली की खालचे पथक विंचने फुगा ओढू लागे. पण आग त्याहून वेगवान. म्हणून भोवती विमानविरोधी तोफा मांडलेल्या असत. बेल्जियमचा वैमानिक विली कोपेन्स याच्या नावावरील ३७ हवाई विजयांपैकी बहुतेक फुग्यांचेच आहेत.

एका बाबतीत हे निरीक्षक वैमानिकांपेक्षा सुदैवी म्हणावे लागतील. त्यांच्यासाठी टोपलीच्या बाहेरच पॅराशूट बांधलेले असे. उडी मारताच ते आपोआप ओढले जाऊन उघडे. ब्रिटिश विमानचालकांना युद्ध संपेपर्यंत ही सोय मिळाली नाही. अर्थात जळता फुगा उडी घेतलेल्याच्या पॅराशूटवरच कोसळण्याचा धोका होताच.

आजच्या बांधील फुग्यांत माणूस नसतो. डीआरडीओच्या आग्रा येथील प्रयोगशाळेने विकसित केलेला ‘आकाशदीप’ सुमारे एक किलोमीटर उंचीवर कॅमेरे नेतो.