खुडूक कोंबडीचे मोल

परसातली कोंबडी अंडी घालण्याचे थांबवते, खुराड्याच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसते आणि हात पुढे करताच पिसे फुलवून टोच मारते, तेव्हा ती खुडूक झाली असे म्हणतात. व्यापारी कुक्कुटपालनात हा दोष समजला जातो. २१ दिवसांची उबवण आणि पुढे दीड-दोन महिने पिलांची राखण, एवढा काळ ती अंडी देत नाही. साहजिकच अधिक अंड्यांच्या हव्यासापायी पैदासकारांनी खुडूक होणाऱ्या माद्या पिढ्यान्‌पिढ्या वगळल्या. पांढरी लेगहॉर्न आज क्वचितच अंड्यांवर बसते. गावठी कोंबडी वर्षाकाठी जेमतेम ६० ते ८० अंडी देते. पण वीज आणि यंत्र यांच्यावाचून आपला वंश चालवते. मिश्र जातींचा कळप बाळगणाऱ्याने हे मोल आधी ध्यानात घ्यावे.

गावठी माद्यांमध्ये ऱ्होड आयलंड रेड किंवा ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प नर सोडण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्यातून होणारी पहिली पिढी बहुधा जोमदार निघते. वजन वाढते, अंडी वाढतात, काटकपणाही बऱ्यापैकी टिकतो. घोटाळा होतो तो दुसऱ्या पिढीत. पहिल्या पिढीतील भावंडांचीच आपसांत पैदास केली, की गुण विखुरतात. एक पिलू आजोळावर जाते तर दुसरे भलतेच निघते. हैदराबादची वनराज किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज यांचीही हीच गत. या मुळात संकरातून घडवलेल्या कोंबड्या असल्याने त्यांची पिले हुबेहूब त्यांच्यासारखी निघतीलच असे नाही. शिवाय दर पिढीला सुधारित नरच वापरत गेल्यास खुडूक होण्याचा गुण ओसरतो आणि पिले दर वर्षी विकत आणावी लागतात. म्हणून नर कोणताही असो, निदान निम्म्या माद्या गावठी आणि अंड्यांवर नीट बसणाऱ्या असाव्यात, असे आमचे मत आहे.

आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. तो दर एक-दोन वर्षांनी बाहेरून आणलेला असावा, म्हणजे बाप-लेकींचा संकर टळतो. नर बदलल्यावर लगेच अंडी उबवायला ठेवू नयेत. कोंबडीच्या शरीरात आधीच्या नराचे बीज दोन ते तीन आठवडे टिकते, त्यामुळे तेवढा काळ जन्मणाऱ्या पिलांचा बाप कोण, हे सांगता येत नाही.

कडकनाथाचा मोह अनेकांना पडतो. झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा काळा रंग संकरातही काही प्रमाणात उतरतो. तेव्हा काळे पिलू म्हणजे शुद्ध कडकनाथ, हा समज विक्रेत्याच्या सोयीचा आहे, खरा नव्हे.

उबवण्यासाठी मध्यम आकाराची, न तडकलेली आणि शक्यतो सात दिवसांच्या आतली अंडी निवडावीत. ती धुऊ नयेत. कवचावरील संरक्षक थर निघून जातो. निमुळते टोक खाली करून थंड जागी ठेवावीत. दुकानातील अंड्यांतून पिले निघत नाहीत, कारण अंड्यांच्या फार्मवर नर नसतातच. टोपलीत पेंढा आणि थोडी राख घालून दहा-बारा अंडी मांडावीत आणि कोंबडीला रात्री बसवावे. अंधारात ती कुरकूर करत नाही. राखेमुळे उवा-पिसवांचाही त्रास कमी होतो. सातव्या रात्री अंडे विजेरीसमोर धरून पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर गर्भ धरला आहे. अंडे स्वच्छ दिसल्यास काढून टाकावे. यंत्र वापरायचे झाल्यास, पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस राखावे, अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवावीत आणि त्यानंतर फिरवणे थांबवून आर्द्रता वाढवावी. हे सारे कोंबडी कोणी न शिकवता करते.

कवच फुटू लागल्यावर मदतीचा उत्साह आवरावा. बाहेर येण्यापूर्वी पिलू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर पहिला दिवस सहज काढते. घाईने कवच सोलल्यास रक्तस्राव होऊन ते दगावते. पहिल्या आठवड्यात मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लासोटा लस द्यावी आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुढील लस टोचून घ्यावी. बाहेरून आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय कळपात सोडू नये. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आल्यावर परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या. महापालिका हद्दीत किंवा सोसायटीत कोंबड्या ठेवण्यापूर्वी नियम विचारून घ्यावेत. पहाटेच्या बांगेवरून होणारी भांडणे वेगळीच.

साधारण दोन महिन्यांनी आई पिलांना टोचून दूर करते आणि पुन्हा अंड्यावर येते. त्याच सुमारास नर-माद्या ओळखू येऊ लागतात. ज्या आईची अधिक पिले जगली, तिच्या तलंगांच्या पायात रंगीत कडी घालावी. पुढच्या वर्षी अंड्यांवर बसवायला त्याच निवडाव्यात.