नकाशा नसलेला डबा

रहस्यकथेवरच्या चित्रपटाला एक आक्षेप ठरलेला: खुनी कोण हे ठाऊक असताना पुन्हा बघायचं कशाला? रूपांतराच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांनी हा आक्षेप खुशाल सोबत आणावा, आणि जोडीला अगाथा ख्रिस्तीची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (1934) आणावी. (रहस्य मी फोडणार नाही. ठाऊक असेल त्यांनीही शेजाऱ्याच्या कानात सांगू नये.)

इस्तंबूलहून निघालेली गाडी युगोस्लाव्हियात बर्फात अडकते, डब्यात खून होतो आणि हर्क्यूल पॉयरो डायनिंग कारमध्ये एकेका प्रवाशाची जबानी घेतो. पुस्तकाचा मधला मोठा भाग जबान्यांचाच. कोणाचा बर्थ कुठला हे विसरलं, तर पुस्तकात डब्याचा नकाशा छापलेला आहे. पानं उलटून बघता येतो. थिएटरात पानं कुठली उलटणार? सिडनी ल्युमेटने 1974 साली ही अडचण नटसंचातून सोडवली. शॉन कॉनरी, लॉरेन बकॉल, अँथनी पर्किन्स, व्हेनेसा रेडग्रेव्ह. पात्राचं नाव विसरेल, चेहरा कसा विसरेल? तारे गल्ल्यासाठी घेतले असं म्हणतात. घेतले असतीलही, पण नकाशाचं काम तेच करतात.

त्यांतली इन्ग्रिड बर्गमनची जबानी आवर्जून पाहा. बुजरी स्वीडिश मिशनरी अडखळत्या इंग्रजीत बोलते आहे आणि जवळपास पाच मिनिटं कट नाही. पुस्तकात आपण तिची उत्तरं वाचून पुढे सरकतो. इथे नजर तिच्यावरून हलवायची सोयच नाही, त्यामुळे ती खरं बोलते की नाही हे आपणच ताडत बसतो. या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं.

माहिती कधी द्यायची, हा आणखी एक पेच. कादंबरीत पॉयरोला जळक्या कागदाचा कपटा सापडतो. टोपीच्या खोक्यातल्या तारेच्या जाळीत तो धरून स्पिरिटच्या शेगडीवर तापवतो. क्षणभर अक्षरं उजळतात आणि अमेरिकेतल्या एका जुन्या बालहत्येचा धागा हाती लागतो. ल्युमेट त्याच अपहरणाच्या बातम्यांनी चित्रपट उघडतो. कपटा पुढे येतोच, पण तोवर ती मुलगी आपल्या मनात घर करून बसलेली असते.

निवाड्याच्या वेळी तर दिग्दर्शकांच्या वाटाच फुटतात. ल्युमेटच्या शेवटी शॅम्पेनचे पेले किणकिणतात. 2017 साली केनेथ ब्रॅनाने प्रवाशांना डब्यातून काढून बोगद्याच्या तोंडाशी लांबलचक टेबलामागे ओळीने बसवलं. चित्र देखणं, पण डब्यातली घुसमट गेली. 2010 च्या दूरचित्रवाणी आवृत्तीत डेव्हिड सुशेचा पॉयरो जपमाळ मुठीत आवळून बर्फातून एकटा निघून जातो, डोळ्यांत पाणी. मला हा शेवट जरा जड वाटतो. तरी पहिल्या तासाला मी दाखवतो तो हाच.